पीक काय खाते आणि ते उचलून कोण नेतो?



गावोगावच्या बैठकांत आम्ही हल्ली एक साधा प्रश्न विचारतो. पीक काय खाते? उत्तरे ठरलेली असतात. कोणी म्हणतो खत, कोणी म्हणतो माती. मागे बसलेला एखादा म्हातारा म्हणतो, "कष्ट खातंय बाबा, आणि कर्ज." हशा होतो आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळते. पण या प्रश्नाचे उत्तर नीट ठाऊक नसल्यामुळेच आपण दोन्हीकडून नागवले जातो. एक सांगतो, गोण्या ओत. दुसरा सांगतो, गोणीला शिवू नकोस, ते विष आहे. दोघांचीही दुकाने आपल्या अडाणीपणावर चालतात. म्हणून या अंकात भावाचा विषय घटकाभर बाजूला ठेवू आणि आधी पिकाच्या ताटात काय आहे ते पाहू. भाव काय, तो शेवटी येतोच.

पावणेचारशे वर्षांपूर्वी ब्रसेल्सकडच्या व्हान हेलमाँट नावाच्या माणसाने एका कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती तोलून घातली आणि तीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले. पाच वर्षे नुसते पाणी घातले. मग झाड उपटून तोलले तर ते १६९ पौंड भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर घट फक्त दोन औंसांच्या आसपास. म्हणजे झाडाने माती खाल्लीच नव्हती. ते पाणी खाऊन वाढले असा त्याने निष्कर्ष काढला. तो निम्मा चुकला, कारण उरलेले अन्न हवेत होते आणि ते त्याला दिसत नव्हते. १७७९ मध्ये इंगेनहाउस या वैद्याने दाखवून दिले की उजेडात हिरवे पान वेगळे काम करते आणि अंधारात वेगळे. पुढे हिशेब पक्का झाला. पान हवेतला कर्बवायू घेते, मुळे पाणी वर पाठवतात, सूर्य जाळ पुरवतो आणि पानात साखर शिजते. शंभर किलो वाळला कडबा घ्या. त्यातला नव्वद ते पंच्याण्णव किलो माल या हवा-पाण्यातून आलेला असतो.

मंडळी, हा कारखाना आपल्या रानात रोज चालतो. त्याला लायसन्स लागत नाही, त्याच्या भागभांडवलाची जाहिरात पेपरात येत नाही. जगातली सारी खाणारी तोंडे, माणूस धरून, या हिरव्या पानाच्या जिवावर जगतात. गाय पान खाते, आपण गाईचे दूध पितो, शेणातला किडा आणि उकिरड्यातली बुरशी उरलेले फस्त करतात. स्वतःचे अन्न स्वतः शिजवणारे ते फक्त हिरवे पान. हवेतून आणि दगडातून पोट भरणारे काही जिवाणूही आहेत, पण ते आपल्याला जेवू घालत नाहीत.

आता उरलेले पाच-दहा किलो. सगळे राजकारण यात आहे. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, चुना, मॅग्नेशियम, मग लोह, जस्त, बोरॉन, तांबे अशी चिमूटभर लागणारी मंडळी. एकूण सतराच्या आसपास मूलद्रव्यांशिवाय पीक पुरे होत नाही. ती मुळे पाण्यात विरघळलेल्या रूपातच घेतात. म्हणून पाऊस नसेल तर गोणी ओतून उपयोग नाही. आणि यातले एक जरी कमी पडले तरी बाकीचे कितीही ओता, पीक तिथेच अडते. जर्मनीच्या लिबिगने एकोणिसाव्या शतकात हा नियम जगभर पोहोचवला. त्याच्या आधी स्प्रेंगेलने तो मांडला होता. आपल्या आयाबहिणींना तो सांगायला नको. पीठ आहे, पाणी आहे, चूल पेटली आहे आणि तवा नाही, तर भाकरी होत नाही. अशा वेळी पिठाचे दुसरे पोते आणणाऱ्याला घरात काय म्हणतील?

सरकार गेली तीस-बत्तीस वर्षे नेमके हेच करते आहे. तवा नाही आणि पीठ स्वस्त.

ऑगस्ट १९९२ मध्ये केंद्राने स्फुरद आणि पालाशाच्या खतांवरचे किंमत नियंत्रण काढले. युरिया मात्र नियंत्रणात ठेवला, वर त्याची किंमत दहा टक्के उतरवली. परिणाम एका वर्षात दिसला. देशातला नत्र, स्फुरद, पालाश यांचा वापर १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ असा होता, तो १९९२-९३ मध्ये ९.५ : ३.२ : १ झाला. शिफारस म्हणून ४ : २ : १ हे प्रमाण सांगितले जाते. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाचे नवे धोरण आले, तेव्हाही युरिया बाहेरच ठेवला. २०१८ मध्ये गोणी ५० किलोची ४५ किलोची केली, म्हणजे शेतकरी आपोआप कमी टाकेल! भाव २६६ रुपये ५० पैसे. शेजारी डीएपीची गोणी १३५० रुपयांची. पोटॅशचा एक कण देशात खाणीतून निघत नाही, सगळा कॅनडा, रशिया, जॉर्डन, इस्राएलसारख्या देशांकडून येतो, आणि त्याचा भाव विचारून शेतकरी दुकानातून परत फिरतो. मग कृषी पंडित टीव्हीवर बसून म्हणतात, शेतकरी अडाणी, नुसता युरिया मारतो. अहो, ज्याच्या खिशात तीनशे रुपये आहेत तो तीनशेचीच गोणी घेणार. असमतोल आमच्या डोक्यात नाही, तुमच्या दरपत्रकात आहे.

आणि या दरपत्रकामागचा पैसा कोणाच्या नावावर लिहिला जातो? आपल्या. २०२२-२३ साली खत अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेले. शहरातला माणूस वाचतो, शेतकऱ्यावर अडीच लाख कोटी उधळले. ही रक्कम आयातीच्या गॅसमध्ये, परदेशच्या खाणीत, कारखान्यांच्या खर्चात किती गेली आणि बांधापर्यंत किती आली, हे त्या बातमीत नसते.

बांधावर काय येते ते सांगतो. आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने २०२४ च्या रब्बीत, डीएपीची टंचाई होती तेव्हा, तालुक्याच्या एका दुकानात दोन गोण्या मागितल्या. मिळाल्या, पण सोबत एक बाटली घ्यावी लागली, एक विद्राव्य खताचा पुडा आणि एक कसलेसे टॉनिक. याला बाजारात लिंकिंग म्हणतात. सरकारची परिपत्रके म्हणतात लिंकिंग करू नका. दुकानदार म्हणतो, वरून मलाच तसे येते. दोघेही खरे बोलत असतील. टॉनिकची बाटली मात्र त्याच्या घरी कोनाड्यात पडून आहे.

त्या दुसऱ्या बाटलीचा हिशेब एकदा मांडून टाकू. २०२१ मध्ये द्रवरूप नॅनो युरिया आला. अर्ध्या लिटरची बाटली एका गोणीचे काम करते, असे सांगितले गेले. बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. हजारपट फरक! पुढे २०२४ मध्ये बाटलीतले नत्र वाढवून २० टक्क्यांपर्यंत नेले, तरी ते शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या पुढे जात नाही. फवारणीने पान नत्र घेते हे खरे, आम्ही फवारणीच्या विरुद्ध नाही. पण ज्वारीच्या एका क्विंटल दाण्यात दीड किलोच्या वर नत्र बसलेले असते. ते शंभर ग्रॅममधून कसे निघणार, हे सांगणाऱ्याने खळ्यावर काटा घेऊन यावे.

आता दुसऱ्या बाजूच्या बाबांकडे वळू. हे म्हणतात, रासायनिक म्हणजे विष, शेण म्हणजे अमृत. आमचे शेणाशी वैर नाही. शेणखताने माती भुसभुशीत होते, पाणी धरते, मातीतले जीव जगतात, आणि ज्याच्या रानात सेंद्रिय कर्ब उरला नाही त्याच्या रानात गोणीही वाया जाते. पण मुळाच्या तोंडाशी जे येते ते शेणातले असो की गोणीतले, नत्र शेवटी नायट्रेट किंवा अमोनियम होऊनच आत जाते. मूळ त्याला जात विचारत नाही. आणि एक टन शेणखतात नत्र असते पाच किलोच्या आसपास. एका युरियाच्या गोणीची भरपाई करायला चार टन शेणखत हवे, म्हणजे सात-आठ गाड्या. जनावरे कुठे आहेत? २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, भाकड जनावराचा बाजार गेला, दावणी रिकाम्या झाल्या. २०१२ च्या पशुगणनेपेक्षा २०१९ च्या गणनेत महाराष्ट्रातली गाय-बैलांची संख्या घटलेली आहे. जनावर पाळणे अवघड करायचे आणि शेण टाका म्हणून प्रवचन द्यायचे! श्रीलंकेने २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खत बंद केले. भात आणि चहा दोन्ही कोसळले, तांदूळ बाहेरून आणावा लागला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. उपाशी राहिले ते तिथले शेतकरी आणि हातावर पोट असलेले लोक. सल्ला देणारे जेवतच होते.

फुकटचे नत्र हवे असेल तर ते आहे, आणि त्याला ना बाबा लागतो ना बाटली. आपल्या एका एकरावरच्या हवेत तीस हजार टनांच्या वर नत्र तरंगते आहे. पिकाला ते घेता येत नाही. पण हरभरा, तूर, मूग, सोयाबीन यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू ते घेतात, पिकाला देतात आणि बदल्यात साखर खातात. फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड हलक्या हाताने उपटून गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी-लाल असेल तर कारखाना चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर बंद. आणि ध्यानात ठेवा, शेंगवर्गीय पिकाला भरमसाट युरिया दिला की गाठीच नीट धरत नाहीत. आयते मिळाल्यावर कोण राबतो?

तरीही गाठी पालाश आणत नाहीत. इथे आपण मुख्य मुद्द्याला येतो. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्के प्रथिने धरली, तर एका क्विंटलात ६.४ किलो नत्र निघते. स्फुरद दीड किलो, पालाश दोन किलो. एकरी दहा क्विंटल पिकले की ६४ किलो नत्र, १५ किलो स्फुरद आणि २० किलो पालाश पोत्यात भरून बाजार समितीत जाते. नत्राचा निम्मा वाटा गाठींनी हवेतून आणला म्हणू. स्फुरद डीएपीच्या गोणीतून भरून निघाले म्हणू. पालाश? बहुतेकांच्या रानात शून्य टाकले जाते. दहा वर्षांत एकरी २०० किलो. आपल्याला सांगितले होते की काळ्या मातीत पालाश मुबलक आहे. होते. बँकेतली शिल्लक मोठी आहे म्हणून रोज काढत राहिलो, भरणा कधी केलाच नाही.

बाजार समितीत हमाली कापतात, तोलाई कापतात. पोत्यातून गेलेल्या पालाशाची पावती कोणी फाडत नाही. हमीभाव ठरवताना उत्पादन खर्चात विकत घेतलेले खत धरतात, जमिनीतून कायमचे गेलेले अन्नद्रव्य धरत नाहीत. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि त्या सुगीत बाजार त्याच्या कितीतरी खाली चालला. म्हणजे घामाचे पैसे बुडाले आणि मातीही फुकट गेली. दाणा शहरात जातो, पेंड परदेशी जाते, शहरात खाल्लेले सगळे गटारातून नदीला आणि नदीतून समुद्राला मिळते. गावात परत येते ती फक्त सूचना.

बांधावर अमरवेल पाहिली असेल. पिवळे दोरे, पान नाही, जमिनीत मूळ नाही, दुसऱ्याच्या देठात सोंड खुपसून तयार रस ओढते. आंब्यावरचे बांडगूळ त्यापेक्षा बरे. ते पाणी आणि क्षार चोरते, पण त्याला निदान हिरवी पाने असतात, साखर स्वतः शिजवते. ज्वारीतला टारफुला मुळाशी लपून जमिनीखाली चोरी करतो, आणि तो दिसेपर्यंत धाटाचा जीव गेलेला असतो. आपल्या धोरणवाल्यांना यातले कोणते नाव द्यायचे ते बैठकीत ठरवू. बांडगूळ म्हणू नये, बांडगुळाचा अपमान होईल.

मागणी काय करायची, यावर आमच्यात मतभेद आहेत आणि ते लपवत नाही. काहींचे म्हणणे, युरियाही अन्नद्रव्य अनुदानाखाली आणा आणि अनुदानाची रक्कम एकरी थेट खात्यात द्या, मग ज्याला जे कमी ते तो घेईल. दुसरे म्हणतात, आज गोणी महाग होईल आणि खात्यात येणारे पैसे उद्या बंद होतील, सरकारच्या शब्दावर किती वेळा फसायचे? ही भीती खोटी नाही. आमचे मत पहिल्या बाजूला झुकते, पण एका अटीवर: एकरी रक्कम कायद्याने बांधलेली हवी, अर्थसंकल्पाच्या लहरीवर नको. आणि पिकाबरोबर जमिनीतून गेलेल्या अन्नद्रव्यांची किंमत उत्पादन खर्चात धरलीच पाहिजे. यावर मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

जिल्हा बैठकीला येताना तीन वस्तू आणा. माती तपासणीची पत्रिका. २०१५ पासून वाटल्या जात आहेत, कपाटात कुठेतरी असेल. नसेल तर बांधाकडेला, झाडाखाली आणि उकिरड्याजवळ सोडून रानात सात-आठ ठिकाणची वीतभर खोल माती एकत्र करून अर्धा किलो आणा, तपासणीला एकदम पाठवू. दुसरे, गेल्या हंगामाची खताची बिले. लिंकिंगमध्ये गळ्यात मारलेल्या मालाचे बिल वेगळे असेल तर तेही, आणि बिल दिले नसेल तर ती बाटलीच आणा. तिसरे, मालविक्रीच्या पट्ट्या. गावागणिक तक्ता करू: रानातून गेले किती, रानात आले किती, हातात पडले किती. तो तक्ता घेऊन जिल्हाधिकारी कचेरीत जायचे आहे.