मिटलेली खाण आणि न मिटणारें पाणी

लहानपणीं आमच्या वाड्यांतील विहीर दर उन्हाळ्यांत उपसली जात असे. गडीमाणसें दिवसभर पोहऱ्यांनीं पाणी काढीत, तळचा गाळ बाहेर टाकीत. आणि त्यांनीं हात थांबविला कीं रात्रींतून झरे पुनः भरून येत. जमिनीखालील कोळशाची खाण ही अशीच सदैव उपसावी लागणारी विहीर होय. कोळसा निघत आहे तोंवर उपशाचा खर्च कोळसाच सोसतो. खाण मिटल्यावर तो कोणीं सोसावा, हा प्रश्न या महिन्यांत वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें.

जर्मनींतील रूर नदीच्या खोऱ्यानें याचें एक उत्तर दिलें आहे. तेथील शेवटची दगडी कोळशाची खाण, बोट्रॉप येथील प्रॉस्पर-हानियल, २१ डिसेंबर २०१८ रोजीं समारंभपूर्वक मिटविण्यांत आली. कामगार वर आले. पंप मात्र चालूच राहिले. खालचें खारें पाणी चढत जाऊन वरच्या पिण्याच्या पाण्याच्या थरांत मिसळूं नये, म्हणून खाणीच्या उभ्या विवरांत पंप सोडून त्याची पातळी ठराविक मर्यादेखालीं राखितात व उपसलेलें पाणी नदीस मिळवितात. शिवाय कोळसा काढल्यानें कांहीं ठिकाणीं भूमि वीस मीटरांहून अधिक खचली आहे. तेथें पावसाचें पाणीही उपसलें नाहीं तर वस्तीचें तळें व्हावयाचें. या कामांना तेथील लोक 'अनंतकाळचीं कामें' म्हणतात. त्यांसाठीं २००७ सालीं एक प्रतिष्ठान स्थापिलें गेलें व त्याच्या उत्पन्नांतून आतां दरवर्षीं वीस कोटि युरोंहून अधिक खर्च होतो.

उपसलेलें पाणी तसेंच सोडूनही चालत नाहीं. कोळशाच्या थरांत लोह व गंधक यांचें खनिज असतें. हवा आणि पाणी लागतांच त्यापासून आम्ल निर्माण होतें व पाण्यांत लोह उतरतें. मग नदीचा तळ गंजासारखा तांबडा होतो. इंग्लंडांत असें पाणी आधीं तळ्यांत निवळवून, पुढें लव्हाळ्यांच्या पाणथळींतून नेऊन सोडण्याची पद्धति आहे.

आपल्याकडील अनुभव मात्र कटु आहे. झारखंडांत धनबादजवळील बागडिगी खाणींत २ फेब्रुवारी २००१ रोजीं शेजारच्या सोडून दिलेल्या खाणींत सांचलेलें पाणी फुटून आंत शिरलें आणि २९ कामगारांचा अंत झाला. पुढील वर्षीं, जुलै २००२ मध्यें, अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनियांत क्यूक्रीक खाणींतील नऊ जण असेच जुन्या पाण्यावर जाऊन आदळले. जुन्या खाणीचा शेवटचा नकाशा त्यांच्या हातीं नव्हता. वरून भोंक पाडून ते नऊही जण जिवंत काढतां आले, हें त्यांचें भाग्य. बागडिगीच्या घरांना तें लाभलें नाहीं.

म्हणून मिटलेल्या खाणीचा नकाशा जपावा लागतो आणि पाणी मोजावें लागतें. भूपृष्ठावरून छिद्र पाडून त्यांत मापक सोडावयाचें, पातळी नियमितपणें टिपावयाची, क्षार, लोह व आम्लता तपासावयाची. काम नीरस खरें; परंतु तीच वही धोक्याची सूचना देते. पातळी झपाट्यानें चढली तर पंप अपुरे पडत आहेत असें समजावें. ती एकाएकीं उतरली तर अधिकच सावध व्हावें, कारण पाण्यानें कोठें तरी नवी वाट शोधली असेल, आणि त्या वाटेच्या शेवटीं माणसें काम करीत असतील.

२००९ पासून कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणें खाण मिटविण्यासाठीं वेगळ्या खात्यांत आगाऊ रक्कम ठेवावी लागते. हें योग्यच झालें. पण झऱ्याला मुदत ठाऊक नसते.

आमच्या पाहण्यांत आलें आहे कीं वांटणीच्या वेळीं शेतें, दागिने, तांब्यापितळेचीं भांडीं नीट मोजलीं जातात. सामाईक विहिरीचा उपसा कोणाकडे, हें लिहावयाचें राहतें, आणि पुढें भाऊ भाऊ तिच्या काठावर भांडतात. आपल्या घरांतील वीज बव्हंशीं कोळशावरच निघते. तेव्हां त्या खोल विहिरींचे वाटेकरी आपणही आहोंत. विजेच्या दरांत या उपशाचा पैसा धरला गेला, तर तो कुरकुरत देऊं नये.