ताबा आणि पालकत्व

मी गाणे शिकवतो, वकिली नव्हे. पण घर मोडले की मुलाचा रियाज आधी तुटतो, म्हणून हा प्रश्न आमच्याही दाराशी येतो. हनफी मुसलमानांत मुलगा ७ वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ राहते. ह्या हक्काला हिजानत म्हणतात. पालकत्व मात्र बापाचे. दोन्ही गोष्टी निराळ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अथर हुसेन खटल्यात सांगितले. तडजोडीला वाव आहे तो इथेच. मूल आईकडे राहिले म्हणून बाप परका होत नाही.

नवराबायकोच्या बेबनावात दोन्ही घरचा एकेक पंच नेमावा, असे कुराणात आहे. रीत उत्तम. मात्र मेहेरच्या घासाघिशीत मुलाचा खर्चही सौद्याला लावणे मला गैर वाटते. १९९७ च्या निकालाप्रमाणे मूल सज्ञान होईपर्यंत तो बापाने द्यायचाच आहे. शिवाय दार-उल-कजाचा निवाडा कोणावर बंधनकारक नाही, हे २०१४ साली ठरले. तेव्हा पंचांपुढे जमलेली तडजोड कौटुंबिक न्यायालयातून मंजूर करून घ्यावी. शाळा कोणती, सुटी किती दिवस कोणाकडे, ईद कुठे, हे लिहिल्यावाचून तिच्यावर सही करू नये.