कोपीचे चित्र

मराठीत चित्रपुस्तक बहुधा दोन टप्प्यांत घडते. लेखक मजकूर पूर्ण करतो, मग तो चित्रकाराकडे जातो. आणि आधीच सांगून झालेले चित्रकार पुन्हा रंगवतो. मला हा क्रमच चुकीचा वाटतो.

शिरूर-दौंड पट्ट्यातले उदाहरण घेऊ. गळीत हंगामात भीमा आणि घोड नद्यांच्या या उसाच्या मुलखात ऊसतोड कामगारांचे तळ पडतात. तिथल्या मुलाची गोष्ट लिहायची म्हणजे कोपी आलीच. शब्दांत तिचे वर्णन करू लागलो की बांबू, पाचट, वाकून आत शिरणे यांतच अर्धे पान जाते आणि सूर निबंधाचा होतो. चित्रात ती नुसती असते. मग लेखकाने ‘आई अजून फडातून आली नव्हती’ एवढेच लिहावे. चूल विझली आहे, थोरलीने धाकट्याला कडेवर घेतले आहे, हे चित्राने सांगावे. अर्थात त्यासाठी चित्रकाराने कोपी पाहिलेली हवी. नाहीतर उतरत्या कौलांचे, दोन खिडक्यांचे ते ठरलेले ‘खेड्यातले घर’ अवतरते आणि पुस्तकातही त्या मुलाला आपले घर सापडत नाही.

‘राधाचं घर’ लिहिणाऱ्या माधुरी पुरंदरे चित्रेही स्वतःच काढतात. शब्दांनी कुठे थांबायचे, हे तिथे एकच व्यक्ती ठरवते. सर्वांना दोन्ही कला साधणार नाहीत, हे मान्य. पण लेखक-चित्रकारांनी पहिल्या खर्ड्यापासून एकत्र बसावे, आणि चित्र पाहून स्वतःचे आवडते वाक्य खोडण्याची लेखकाची तयारी असावी. (मानधनाचा प्रश्न वेगळाच!) चित्रकाराचे नाव मात्र अजूनही पुष्कळदा आतल्या पानावर, बारीक टायपात असते.