नाव नसले म्हणून साक्ष खोटी ठरत नाही

१९०६ साली इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांतून संशोधक ग्रेनफेल आणि हंट यांनी एका ग्रीक इतिहासग्रंथाचे तुकडे वर काढले. जमीनमोजणीच्या जुन्या नोंदवहीच्या पाठीवर कुणीतरी तो मजकूर उतरवून घेतला होता. त्यात इ.स.पू. ३९६-३९५ मधल्या घडामोडी आहेत. लेखकाचे नाव मात्र नाही. आधी कर्ता ठरवा, त्याशिवाय ग्रंथाची किंमत करता येणार नाही, असा आग्रह तेव्हापासून धरला जातो. हा आग्रह मला मुळीच मान्य नाही.

पुढे केलेली नावे तपासून पाहू. इतिहाससंशोधक एदुआर्ड मायरने प्राचीन ग्रीक इतिहासकार थिओपॉम्पसची बाजू घेतली. पण थिओपॉम्पसची ख्याती जहाल, आलंकारिक लेखणीसाठी. हा लेखक सरळ, जवळजवळ रूक्ष लिहितो. तरुणपणी तो साधे लिहीत असेल, असे यावर उत्तर देतात. असेलही, पण ‘असेल’वर दावा उभा राहत नाही. एफोरस म्हणावे, तर तो विषयवार मांडणी करणारा इतिहासकार. इथे इतिहासकार थुसिडिडीसच्या पद्धतीने उन्हाळे-हिवाळे मोजत वर्षामागून वर्ष येते. क्रॅटिपस त्यातल्या त्यात जवळचा, कारण थुसिडिडीसने सोडलेले त्याने गोळा केले, असे हॅलिकार्नाससचा डायोनिसिअस सांगतो. पण क्रॅटिपसचा ग्रंथही हरवलेलाच. एका अज्ञाताची ओळख दुसऱ्या अज्ञाताकडून कशी पटवायची?

आता नावावाचून हा ग्रंथ काय देतो ते पाहा. बिओशियाच्या संघराज्याचे ११ विभाग; प्रत्येकातून एक सेनाधिकारी, ६० सभासद, सुमारे १००० पायदळ आणि १०० घोडेस्वार. त्या संघाच्या घडणीचा इतका नेमका तपशील दुसऱ्या कुठल्याही प्राचीन ग्रंथात नाही. स्पार्टाविरुद्ध पेटलेल्या युद्धाचे खापर इतिहासकार झेनोफन पर्शियन सोन्यावर फोडतो. हा लेखक ठासून सांगतो, की स्पार्टाशी वैर त्या पैशाच्या कितीतरी आधीपासूनचे होते. सार्डिसच्या लढाईत स्पार्टाचा राजा एजेसिलाउसने दबा धरून बसवलेली तुकडी झेनोफनच्या वर्णनात नाहीच, इथे आहे. अशा विधानांची पारख इतर वृत्तांतांशी ताडूनच होते. तिथे कर्त्याचे नाव कामाला येत नाही. फ्लॉरेन्स आणि कैरो इथले तुकडे पुढे याच ग्रंथाचे म्हणून ओळखले गेले, तेही मजकुरावरूनच.

उलट, घाईने चिकटवलेले नाव घात करते. थिओपॉम्पस म्हटले, की त्याच्या कडवटपणाबद्दलचे सारे प्राचीन आक्षेप या निर्दोष मजकुरावर येऊन आदळतात. संशोधक फेलिक्स याकोबीचा कल डायमाकस या आणखी एका ग्रीक इतिहासकाराकडे होता. तरीही ग्रीक इतिहासकारांच्या उरलेल्या तुकड्यांच्या आपल्या संग्रहात त्याने या ग्रंथाला ६६ हा स्वतंत्र क्रमांक दिला. संशोधकाचा संयम म्हणतात तो हाच.

कर्त्याचा शोध जरूर चालू राहावा. उद्या एखाद्या नव्या तुकड्यावर नाव सापडले, तर ते आनंदाने स्वीकारू. तोवर या लेखकाला निनावीच म्हणावे, आणि त्याची साक्ष तिच्या स्वतःच्या बळावर जोखावी.