वायरचं कव्हर सांभाळा!

चार्जरची वायर सोलवटली की आपण सेलोटेप गुंडाळतो आणि दिवस ढकलतो. पायाला वारंवार मुंग्या येतात तेव्हाही तेच. ‘एसीमुळे असेल’, ‘खूप वेळ बसलो ना!’ विषय संपला.

पण बॉस, आपल्या आतही वायरिंग आहे. बऱ्याच मज्जातंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं कव्हर असतं. ते असेल तर मेसेज सेकंदाला १०० मीटरपर्यंत धावतो, नसेल तिथे जेमतेम एक-दोन मीटर. हे कव्हर खराब झालं की मुंग्या, अंधुक दिसणं, तोल जाणं सुरू.

मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये आपली प्रतिकारशक्तीच मायलिनवर उलटते. म्हातारपणाचा आजार? छे! बहुतेकदा तो २० ते ४० या वयातच गाठतो. ब्रिटिश चेलोवादक जॅकलिन द्यू प्रे हिला १९७३ मध्ये, अवघ्या २८व्या वर्षी त्याचं निदान झालं. बोटांची संवेदनाच गेली आणि वादन थांबलं. १९८७ मध्ये ती गेली. आज आजाराचा वेग कमी करणारी औषधं आहेत, पण ती लवकर सुरू व्हायला हवीत.

प्रत्येक मुंगी म्हणजे एमएस नव्हे, घाबरू नका. कारण साधं असू शकतं: बी-१२ची कमतरता. मायलिनला हे व्हिटॅमिन लागतंच आणि भाजीपाल्यातून ते मिळत नाही. त्यामुळे दूधही न घेणारे शाकाहारी आणि वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाणारे, जरा जपून! साधी ब्लड टेस्ट असते. उशीर केलात तर मात्र झालेलं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही.

मुंग्या जात नाहीयेत? मग या वीकेंडला मॉलआधी डॉक्टर!