‘नॉर्मल आहे’ हे निदान नव्हे

गाडी आवाज करते, तो का करते असं विचारलं, आणि समोरच्याने ‘हे नॉर्मल आहे’ असं उत्तर दिलं, तर मी त्याला नापास करते. गणितात उत्तर चुकलं तरी रीतीचे गुण देता येतात. या उत्तराला रीतच नाही, मग गुण कशाचे द्यायचे?

विषय आहे इलेक्ट्रिक गाडीचा, आणि कडाक्याच्या थंडीत तिच्या सस्पेन्शनमधून येणाऱ्या आवाजांचा. मराठी आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईने यात नाक का खुपसावं असं काही वाचकांना वाटेल. कारण इतकंच की मुलीकडे ओटावाला दोन हिवाळे काढले, तिच्या गाडीत मागच्या सीटवर बसून हा आवाज रोज ऐकला, आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांनी त्यावर दिलेली उत्तरंही ऐकली. आवाजापेक्षा त्या उत्तरांनीच माझं डोकं जास्त उठवलं. पुढे तिथल्या इतर मराठी मंडळींशी बोलले, तर गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, पण उत्तरं जणू एकाच गाईडातून पाठ केलेली!

उत्तरं तीन आहेत. एकेक तपासू.

पहिलं उत्तर: ‘या गाडीला इंजिन नाही ना, म्हणून तुम्हाला बारीकसारीक ऐकू येतं. पेट्रोलच्या गाडीतही हे असतंच, तिथे झाकलं जातं.’

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. साधारण ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे टायरचा आणि वाऱ्याचा आवाज कुठल्याही गाडीत बाकी सगळं गिळून टाकतो. त्याखाली पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची घरघर असते, इलेक्ट्रिक गाडीत ती नसते. म्हणून गल्लीतून निघताना, गतिरोधकावरून जाताना, पार्किंगमध्ये वळताना सगळं कानावर येतं. मान्य. पण यातून निष्कर्ष काय निघतो? वर्गात गोंगाट थांबल्यावर मागच्या बाकावरच्या मुलाचा खोकला ऐकू आला, तर ‘शांतता आहे म्हणून ऐकू येतोय, खोकला नॉर्मल आहे’ असं कुणी म्हणेल का? शांततेमुळे खोकला समजला, ही सोय झाली. खोकला कशाचा, हा प्रश्न तिथेच आहे.

आणि गंमत पाहा. याच शांत गाड्यांना कायद्याने मुद्दाम आवाज करायला लावलं आहे. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज काढावा लागतो. अमेरिकेच्या नियमात ही मर्यादा ताशी ३० किलोमीटरपर्यंत आहे. कशासाठी? तर रस्त्यावरच्या पादचाऱ्याला, विशेषतः अंध माणसाला, गाडी येते आहे हे कळावं म्हणून. म्हणजे आवाज ही माहिती आहे, आणि ती नसेल तर माणसाच्या जिवाला धोका आहे, हे कायद्याला पटलेलं आहे. मग बाहेरच्याला मिळणारा आवाज ही माहिती, आणि आतल्याला येणारा आवाज हा त्याच्या मनाचा खेळ, हा कुठला न्याय?

दुसरं उत्तर: ‘उणे वीसमध्ये सगळंच करकरतं.’

हे उत्तर जास्त फसवं आहे, कारण त्यात विज्ञानाचा वास येतो. थंडीने वस्तू आकसतात हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या लोहारालाही माहीत असतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवताना तो ती लालबुंद तापवतो, चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. धाव आवळून बसते. पण लोहार ‘लोखंड आकसतं’ एवढ्यावर थांबत नाही. किती आकसेल, चाकाचा घेर किती, धाव किती लहान घ्यायची, हे त्याला सांगता येतं. इथे मात्र ‘थंडी आहे’ म्हटलं की विषय संपला!

किती आकसतं ते पाहू. अधिक २० अंशांवरून उणे २५ अंशांवर आलं तर एक मीटर लांबीचं अॅल्युमिनियम साधारण एक मिलिमीटर आखडतं, पोलाद त्याच्या निम्मं, आणि साधं पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिक चार मिलिमीटरच्या वर. गाडीच्या पोटाखाली प्लॅस्टिकचं आवरण असतं, ते धातूला पिनांनी जोडलेलं असतं. ते ओढ खाऊन ‘टक्’ करतं, कधी उभ्या गाडीतसुद्धा करतं. हा आवाज खरोखर निरुपद्रवी. पण रबराचं तसं नाही. सस्पेन्शनच्या दांड्यांच्या टोकांना रबराचे बुश असतात. थंडीत रबर कडक होतं, धातूला आधी चिकटून राहतं आणि मग एकदम सुटतं. चिकटणं-सुटणं, चिकटणं-सुटणं, सेकंदाला शेकडो वेळा. सारंगीवर गज असाच वाजतो. स्टॅबिलायझर बारच्या बुशमधून येणारी कुरकुर ही बहुतेक वेळा अशी असते, कानाला नकोशी, पण जिवावरची नाही.

आता बॉल जॉइंट घ्या. चाकाला दांडीशी जोडणारा हा गोळीचा सांधा. त्यात वंगण असतं, वर रबराची टोपी असते. ती टोपी फाटली की आत पाणी जातं, आणि ओटावात ते नुसतं पाणी नसतं, रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी असतं. पुरेसं दाट असेल तर ते उणे २१ अंशांपर्यंत गोठतही नाही. गंजण्याचं काम ऐन हिवाळ्यात चालू. वंगण धुऊन जातं, गोळी गंजते, आणि मग सांधा कुरकुरायला लागतो. कुरकुर तीच, अगदी बुशसारखी! पण हा सांधा झिजत झिजत शेवटी निसटला तर चाक बाहेर कोलमडतं. त्यावर उभी असलेली गाडी हलकी नसते, नुसती बॅटरीच काहीशे किलोंची असते. तिथेही ‘उणे वीसमध्ये सगळंच करकरतं’ हेच उत्तर देणार का?

दोन आवाज कानाला सारखे, एक निरुपद्रवी आणि एक घातक. यांच्यात फरक करणं याचंच नाव निदान. ‘थंडी’ हे त्या दोघांचंही कारण सांगता येतं, म्हणून ते कुणाचंच कारण नाही.

आणि सर्व्हिस सेंटरात हा फरक करणं अवघड का जातं, तेही सांगते. गाडी आदल्या संध्याकाळी ठेवून घेतात. रात्रभर ती उबदार वर्कशॉपमध्ये. बर्फ वितळतो, रबर मऊ होतं, वंगण सैल होतं. सकाळी मेकॅनिक एक फेरी मारतो आणि कागदावर लिहितो, ‘आवाज आढळला नाही’. तापाच्या रोग्याला बर्फाच्या लादीवर झोपवून सकाळी थर्मामीटर लावण्यातला हा प्रकार. थंडीतला आवाज ऐकायचा तर गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली पाहिजे आणि सकाळी गरम करण्याआधी मेकॅनिकने तिच्यात बसलं पाहिजे. याला यंत्र लागत नाही, स्वेटर लागतो.

तिसरं उत्तर: ‘हवं तर पार्ट बदलून टाकू.’

हे ऐकून गिऱ्हाईक खूश होतं, वॉरंटीत असेल तर फारच. पण कुठला पार्ट? का तोच? बदलल्यावर आवाज गेला नाही तर पुढचा, मग त्याच्या पुढचा. याला दुरुस्ती म्हणत नाहीत, सोडत म्हणतात. शिवाय बदलण्यातही मेख आहे. रबराचे बुश बसवताना गाडी लिफ्टवर असते, चाकं खाली लोंबत असतात. त्याच स्थितीत बोल्ट पक्के आवळले, तर गाडी जमिनीवर उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो, आणि नवा कोरा बुश लवकर फाटतो. बोल्ट आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असल्यासारखी उंची ठेवून. निदानाची घाई झालेला माणूस हे कशाला करतोय?

निदान कसं करतात? जसं वर्गात मुलाची चूक शोधतात तसंच, पायरीपायरीने. आधी आवाजाला नाव द्या. जॉबकार्डवर एकच शब्द असतो, ‘नॉइज’. आपल्या भाषेत बघा किती नावं आहेत! कुरकुर असेल तर काहीतरी कोरडं घासतंय. ‘ठक’ असेल तर कुठेतरी सांधा ढिला आहे. खड्ड्यांवरून खडखड असेल तर स्टॅबिलायझरची लिंक पाहा. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना ‘टंग’ झालं तर स्प्रिंग किंवा तिच्या वरची बैठक. निघताना एकच ‘टक्’ असेल तर ते सस्पेन्शन नसेलही. रात्रभर डिस्कला चिकटलेला ब्रेक सुटल्याचा तो आवाज असेल, किंवा मोटरचा जोर एकदम आल्याने चाकाच्या दांड्याच्या खाचांतून आलेला असेल.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. रेडिओ आणि पंखा बंद. कृत्रिम आवाजाच्या मर्यादेपेक्षा थोडा जास्त वेग ठेवून पाहा, तेवढी एक शंका गेली. ब्रेक लावून आणि न लावता पाहा. इथे इलेक्ट्रिक गाडीची एक खास गोम आहे. बॅटरी गार असताना ती ब्रेकमधून मिळणारी वीज नीट परत घेऊ शकत नाही, म्हणून सुरुवातीला खरे ब्रेक जास्त वापरले जातात, आणि बॅटरी तापल्यावर कमी. दहा-पंधरा मिनिटांनी आवाज थांबला, तर सस्पेन्शन ‘गरम झालं’ असं लगेच मानू नका, ब्रेकचा वापर बदललेला असू शकतो. मग संशयित बुशवर, एका वेळी एकाच, सिलिकॉनचा फवारा मारायचा, ब्रेकला सांभाळून. आवाज थांबला तर चोर सापडला. पण फवारा ही परीक्षा आहे, औषध नव्हे. आणि सांध्याचा ढिलेपणा नुसता लोंबत्या चाकावर नव्हे, वजन पडलेलं असतानाही तपासायचा.

यावर मला सांगण्यात आलं की मेकॅनिकला इतका वेळ कोण देतो? वॉरंटीच्या कामाचे तास कंपनी ठरवते, पार्ट बदलण्याचे तास मिळतात, विचार करण्याचे मिळत नाहीत. हे मला पटतं. माझा राग त्या हात काळे करणाऱ्या मुलांवर नाहीच. शिक्षकालाही साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाची चूक शोधायला वेळ मिळत नसे. पण म्हणून आम्ही चुकीच्या उत्तरासमोर ‘नॉर्मल’ असा शेरा मारत नव्हतो. ‘अजून तपासलेलं नाही’ असं लिहा ना! ते प्रामाणिक आहे.

दुसरा एक वर्ग लगेच टाळ्या पिटतो, ‘म्हणून सांगतो, थंडीत पेट्रोलच बरं.’ त्यांना एवढंच सांगते, नॉर्वेत थंडी काही कमी नाही, आणि २०२४ साली तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. गाडीत खोट नाही. खोट आहे ती तिच्याकडे कुणी खालून बघत नाही यात.

हा मुद्दा महत्त्वाचा. पेट्रोलच्या गाडीचं ऑइल बदलायला वर्षातून एकदोनदा ती उचलावी लागे. मेकॅनिक खाली उभा असे, आणि सहज नजर टाकून सांगे, ‘ही टोपी फाटली आहे बरं का.’ त्या नजरेचे पैसे कुणी वेगळे देत नव्हतं. इलेक्ट्रिक गाडीला ऑइल नाही, म्हणून ती उचलणंही नाही. ‘मेंटेनन्स लागतच नाही’ ही जाहिरात आपण कौतुकाने ऐकली, पण त्याबरोबर ती फुकटची नजरही गेली. जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीने तपासली जाते, नॉर्वेत चार वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. ओंटारिओत खाजगी मोटारीला अशी ठरावीक तपासणीच नाही, सेफ्टी सर्टिफिकेट लागतं ते मुख्यतः गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना. म्हणजे मधल्या सगळ्या वर्षांत फाटलेली टोपी कुणाला कळणार? फक्त कानाला. आणि त्या कानाला आपण सांगतो, तुझं ऐकणं नॉर्मल नाही, आवाज नॉर्मल आहे!

म्हणून तिकडच्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. दहा दिवस वही ठेवा. बाहेरचं तापमान, गाडी किती तास उभी होती, ओलं होतं की कोरडं, कुठलं चाक, कुठला वेग, वळताना की सरळ, आवाजाचं नाव. ती वही काउंटरवर ठेवा, आणि गाडी रात्रभर बाहेर ठेवा म्हणून लेखी मागा. वर्षातून एकदा पैसे देऊन गाडी उचलून घ्या आणि बॉल जॉइंटच्या टोप्या बघायला लावा. ‘नॉर्मल आहे’ म्हणाले, तर कुठल्या भागाचा आवाज, आणि तो घातक नाही हे कशावरून ठरवलं, हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर सहीनिशी घ्या. सही मागितली की बरीच नॉर्मल माणसं पुन्हा एकदा गाडीखाली वाकून बघतात, असा माझा शाळेतल्या प्रगतिपुस्तकांपासूनचा अनुभव आहे.