गल्लीची रुंदी नकाशाला कोण सांगणार?

मोबाइलवरचा नकाशा आता इतका अंगवळणी पडला आहे की, काचीगुड्याहून बेगम बाजारला जातानाही आपली तरुण मंडळी तोच उघडतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र हाच नकाशा मालट्रकचा ड्रायव्हरही वापरतो, आणि चालक ट्रकमध्ये बसला आहे की मारुती मोटारीत, हे त्या नकाशाला कळत नाही.

महाराष्ट्रातला कांदा मलकपेटच्या बाजारात येतो, डाळी-मसाले बेगम बाजार, उस्मानगंजाकडे जातात. जड वाहनांना दिवसा शहरात मज्जाव असल्याने ही वाहतूक मुख्यतः रात्रीची. पूर्वी क्लीनर उतरून पानवाल्याला वाट विचारी. आता नकाशा दाखवील ती गल्ली. नकाशा जवळची वाट काढतो, आणि सुलतान बाजार, बडी चावडी, गुजराती गल्ली या भागात जवळची वाट म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. नियमाप्रमाणे ट्रकची रुंदी 2.6 मीटर आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर उंची 4 मीटरपर्यंत असू शकते. टांग्यांच्या काळातल्या गल्लीत हे धूड शिरले की पुढेही जाता येत नाही आणि मागेही. छज्जे तुटतात, तारा तुटतात; पण खरी भीती त्याची नाही. याच भागात सरकारी प्रसूतिगृह आहे, कान-नाक-घशाचे रुग्णालय आहे. अॅम्ब्युलन्स अडली तर जाब कुणाला विचारायचा?

ट्रकसाठी वेगळे सॉफ्टवेअर मिळते. त्यात आधी गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन, एक्सलवरचा भार आणि माल ज्वालाग्राही आहे का, हे भरायचे. मग ज्या रस्त्यावर ती गाडी मावत नाही तो रस्ता ते वगळते. अमेरिकेत असे सॉफ्टवेअर बरेच वापरले जाते. तरी तिथल्या डरहॅम गावात 11 फूट 8 इंच उंचीच्या रेल्वे पुलाखाली ट्रकांची टपे वर्षानुवर्षे सोलून निघत होती. अखेर 2019 मध्ये पूलच 8 इंच उचलावा लागला. म्हणजे यंत्र बाजारात असून भागत नाही, ड्रायव्हरच्या हातातही ते हवे. आपल्याकडे 2024 मध्ये गूगलने अरुंद रस्ते टाळण्याची सोय आठ शहरांत दिली, त्यांत हैदराबादही होते. पण ती चारचाकी मोटारींसाठी.

सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी त्याला जेवढे सांगावे तेवढेच कळते. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे दगावले. नकाशाने तिथे रस्ता दाखवला होता. पोलिसांनी नकाशा कंपनीच्या अधिकाऱ्याबरोबर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवरही गुन्हा नोंदवला, हे आम्हाला योग्य वाटते. सप्टेंबर 2025 मध्ये मुसी फुगली, बसस्थानकात पाणी शिरले, चादरघाटचा खालचा पूल बंद झाला. अशा रात्री परगावच्या ड्रायव्हरला हे कळवणार कोण?

म्हणून महानगरपालिका आणि वाहतूक पोलिसांकडे आमची मागणी आहे की, जुन्या वस्तीतील प्रत्येक गल्लीची रुंदी, पुलांची उंची, वजनाची मर्यादा, प्रवेशाच्या वेळा आणि पुरात बंद होणारे रस्ते यांची माहिती कोणत्याही नकाशा कंपनीला वापरता येईल अशा रीतीने जाहीर करावी. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपण हेच विचारावे. रस्ता खोदला की नकाशेही बदलावेत, एवढी शिस्त लागली तरी पुष्कळ.

एक गोष्ट आपल्या घरातलीही आहे. वाड्याचा तळमजला गोदामाला भाड्याने द्यायचा, भाडे घ्यायचे आणि ट्रक मात्र शेजाऱ्याच्या दारात, हे शोभत नाही. मोठी गाडी हमरस्त्यावर थांबवून माल हातगाडीने आत आणावा, ही अट भाडेकराराच्या कागदातच घालावी.

सभासदांनी आपापल्या गल्लीची रुंदी आणि सर्वांत खाली आलेल्या तारेची उंची मोजून कार्यालयात कळवावी. आम्ही ती निवेदनाला जोडू. मापे फुटांत दिली तरी चालतील. मात्र विजेच्या तारेला टेप लावू नये, खालून अंदाज घ्यावा, आणि रुंदी गल्लीच्या सर्वांत अरुंद जागेची द्यावी.